पहिला लिटर

ग्रीनॉकच्या चढावर, चौथा मजला, उजवीकडचं दार.
काल रात्रीच मी रिकामी बाटली ठेवून गेले होते:
दहानंतर नळ उघडायचा नाही, मिसेस रँकिन,
संडासाची साखळीसुद्धा ओढायची नाही,
आणि सकाळी उठल्याबरोबरचं पहिलं पाणी
यात.

पावणेसातला गेले.
बाटली भरलेली, झाकण घट्ट,
खाली इस्त्रीचा रुमाल.
एफी रँकिन म्हणाली,
"आधी चांगली पाच मिनिटं सोडून दिलं हं.
सरकारी बाईला का शिळं पाणी द्यायचं?"

मला शिळंच हवं होतं.
रात्रभर नळीत पडून राहिलेलं,
भिंतीआड, अंधारात,
नळीशी गप्पा मारत बसलेलं.

इथलं पाणी मऊ.
डोंगरावरच्या तळ्यातून उतरतं,
ना चुना ना खार.
साबण नुसता दाखवला तरी फेस.
इथून ऑस्ट्रेलियाला गेलेले लोक
पत्रात आईच्या आधी या पाण्याची चौकशी करतात.
पण असं रिकामं पाणी रिकाम्या हातांनी राहत नाही,
वाटेत भेटेल ते पोटात घेतं.
आणि शिसंही मऊच.

माझे वडील ते गुडघ्यावर वाकवायचे.
दोन नळ्यांच्या तोंडावर वितळलेलं शिसं ओतून
तेलकट फडक्याने असं पुसायचे
की जोड अंड्यासारखा गुळगुळीत उतरायचा.
शंभर वर्षं गळणार नाही, म्हणायचे.
नाही गळलं.
याच रस्त्यावरच्या किती घरांत त्यांचे जोड आहेत
मला माहीत नाही. मी विचारत नाही.

मोरीखाली वाकून नाण्याने नळी खरवडली.
काळ्या रंगाखालून
चांदीसारखी रेघ निघाली.
"अय्या, किती छान," एफी म्हणाली.

फॉर्म पेन्सिलीने भरते. या दमट हवेत शाई फुटते.
पेन्सिलीतल्या शिशात शिसं नसतं, नुसतं नाव.
खरं शिसं नाव लावत नाही.
वहीत मागची पानं:
गुरॉक, तळमजला: मर्यादेच्या दुप्पट.
पोर्ट ग्लासगो, छपराखाली शिशाची टाकी: सहापट.
पेझली: घर बंद, आत कुत्रा.
पेझली, शेजारचं: बाई गरोदर. फोनवर सांगितलं.
परत फोन करायचा आहे.

"ह्यूई बाटलीवर वाढला," एफी सांगते.
"मला दूध नव्हतं. पहाटे पाचला उठून
नळ सोडायचे नि पावडर कालवायचे,
एक दिवस चुकले नाही."
ह्यूई आता सेहेचाळीस. मासळीबाजारात खोकी उचलतो,
घड्याळ वाचतो, पण पाऊण म्हटलं की अडतो.
मास्तर पट्टा काढायचे आणि म्हणायचे,
ह्याच्या डोक्यात काही शिरतच नाही.

ती माझ्याकडे पाहते. मग नळाकडे.
"पाण्यानं का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला छापून दिलेलं आहे.
एका माणसाबद्दल निश्चित सांगता येत नाही.
मी ते म्हटलं.
म्हणताना पेन्सिलीचं टोक मोडलं,
ती लगेच सुरी घेऊन आली,
टोक काढून दिलं.
सालपटं हातात गोळा केली, एकही खाली पडू दिलं नाही.

"उद्या परत बाटली ठेवते," मी म्हणाले,
"उद्या मात्र सोडून देऊ नका."

"म्हणजे, वाया नाही घालवलं मी," ती घाईने म्हणाली.
"एवढं पाणी कोण टाकतं?
पहिलं किटलीत भरलं, उरलेलं बादलीत."

आतून ह्यूईच्या बशीचा आवाज आला.
त्याचा चहा झाला होता.

माझा समोर होता. दूध घातलेला,
कपाच्या कानावर बारीक निळं फूल.
ती उभी होती,
पाहुणी पहिला घोट घेईपर्यंत
इथे कुणी बसत नाही.